गावाकडून एम.आर्च., एम.प्लॅन. किंवा एम.डेस.ला जायचं तर नेमकं काय लागतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, माझं बी.आर्च.चं चौथं वर्ष संपलं. आतापर्यंतची सरासरी ५७ टक्के. आम्ही ओबीसी. बाबांची सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. पुढं एम.आर्च. किंवा प्लॅनिंग करायचं आहे, कधी कधी एम.डेस.चंही मनात येते. पण पोर्टफोलिओत दाखवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. शहरातल्या पोरांसारखे रेंडर येत नाहीत, इंग्रजी कच्चं आहे. चुलतभाऊ सिव्हिलचा बी.ई. झाला, त्याला प्लॅनिंगला जाता येईल का? नेमकं काय काय लागते?"

बेटा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. एम.आर्च. ही वास्तुकलेची, एम.प्लॅन. नगर नियोजनाची आणि एम.डेस. डिझाइनची पदव्युत्तर पदवी. तुला पोर्टफोलिओची, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या संचाची, आणि इंग्रजीची धास्ती आहे. त्या दोन्ही गोष्टी वर्षभराच्या मेहनतीत हाताशी येतात. तू सहज लिहून पुढं गेलीस तो ५७चा आकडा मात्र मला जास्त काळजीचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथून करते.

एनआयटी आणि स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या केंद्रीय संस्थांचे प्रवेश सीसीएमटी नावाच्या एकत्रित समुपदेशनातून होतात. नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात आहे. तिथली सर्वसाधारण अट पदवीला ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणी) अशी आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ती ५५ टक्के किंवा ६.० आहे. ओबीसींना या अटीत सवलत नाही. जागांमध्ये आरक्षण आहे, पात्रतेच्या टक्क्यात नाही. आपल्याकडची बरीच मुलं इथंच फसतात. राज्याच्या प्रवेशात राखीव प्रवर्गाला पाच टक्क्यांची सूट बघितलेली असते, त्यामुळं केंद्रातही तसंच असेल असं धरून चालतात. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत चांगला स्कोअर येतो आणि मग जुलैमध्ये कळतं की आपण रांगेतच नव्हतो.

आता हिशेब कर. आठ सत्रं झाली, दोन उरली. सगळ्या सत्रांचं वजन सारखं धरलं तर एकूण सरासरी ६० वर न्यायला उरलेल्या दोन सत्रांत सरासरी ७२ लागतील. अवघड आहे, पण हाताबाहेरचं नाही. शेवटच्या वर्षाच्या थीसिसला बहुतेक ठिकाणी मोठे गुण असतात, तेव्हा तुझ्या विद्यापीठाच्या नियमांत त्याचं वजन किती ते आजच काढ. गुणपत्रिकेवर सीजीपीए छापून येत असेल तर टक्केवारीच्या रूपांतराचं विद्यापीठाचं पत्रही वेळेत घेऊन ठेव. दीड-दोन टक्के त्या सूत्रावरून इकडचे तिकडे होतात.

साठ नाही झाले तरी रस्ता संपत नाही. महाराष्ट्रातल्या एम.आर्च. प्रवेशाला बी.आर्च.चे ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, आणि ती प्रक्रिया राज्याच्या सीईटी कक्षाकडून चालते. काही संस्था मात्र स्वतःच्या निवडीवर प्रवेश देतात. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ त्यातलं एक. तिथं पोर्टफोलिओला आणि तू काय मांडतेस त्याला मोठं महत्त्व आहे. ज्या वर्षी अर्ज करशील त्याच वर्षीची माहितीपुस्तिका वाच. मागच्या वर्षीच्या सिनिअरच्या व्हॉट्सॲपवरून आलेली नको.

आता परीक्षा. आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगसाठी गेटचा एआर हा पेपर आहे. तीन तास, १०० गुण. त्यात १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे, ६० गुणांचा भाग सगळ्यांना सारखा, आणि उरलेल्या २५ गुणांसाठी आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यातला एक भाग निवडायचा. बहुपर्यायी प्रश्न चुकला तर गुण कापतात. जिथं आकडा स्वतः काढून भरायचा असतो तिथं कापत नाहीत, आणि एआरमध्ये असे प्रश्न भरपूर येतात: चटई निर्देशांक, लोकसंख्येची घनता, पाण्याची टाकी, जिन्याच्या पायऱ्या, वाहतुकीची गणना. गणितात बरा हात असलेल्या गावाकडच्या मुलांना याचा फायदा होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. क्लासशिवाय होतं. जुने पेपर सोडव, नॅशनल बिल्डिंग कोडची मुख्य प्रकरणं आणि नगर नियोजनाची केंद्राची मार्गदर्शिका वाच. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. स्कोअर तीन वर्षं चालतो आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षा देता येते. म्हणजे तू ती आधीच एकदा देऊ शकली असतीस. हे तुझ्या कॉलेजातल्या धाकट्या मुलींना आवर्जून सांग. अनुभवासाठी दिलेली पहिली परीक्षाही तीन वर्षं पुरते.

एम.डेस.साठी आयआयटी मुंबई दर जानेवारीत सीड ही परीक्षा घेते. पहिला भाग एका तासाचा, संगणकावर. त्यातून निवड झाली तरच दुसरा भाग तपासतात. हा दुसरा भाग दोन तासांचा, कागदावर पेन्सिलीनं चित्रं काढून सोडवायचा. अंतिम गुणांत पहिल्या भागाचं वजन २५ टक्के आणि चित्रांच्या भागाचं ७५ टक्के. हा स्कोअर एकच वर्ष चालतो. वयाची किंवा किती वेळा द्यावी याची मर्यादा नाही. या स्कोअरवर बोलावणं आल्यानंतर संस्था आपली वेगळी चाचणी आणि मुलाखत घेतात. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षा याहून निराळी, तिचे प्रिलिम्स आणि मेन्स असे दोन टप्पे आहेत.

जिल्हा परिषद शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या असशील. त्यातलं वस्तुचित्र आणि स्मरणचित्र आठवतं? सीडच्या दुसऱ्या भागाची नाळ तिथं जोडलेली आहे. बाजारात भाजी तोलणारी बाई, बंडीचं चाक बदलणारा माणूस, एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरणारा पोऱ्या, हे आठवणीतून पाच मिनिटांत कागदावर आलं पाहिजे. हात कुठं आहे, पाय कसा मुडपला आहे, वजन कुठं पडतंय ते दिसलं पाहिजे. रोज दोन माणसं काढ. बस स्टँडवर बसून काढ.

आणखी एक गोष्ट इथं सांगून ठेवते, कारण आपल्या भागात चित्रकलेकडं गेलेली मुलं पुष्कळ आहेत. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका असली की सीडला बसता येतं. जी.डी. आर्ट ही कलेची शासकीय पदविका झालेल्यांनाही बसता येतं, पण त्यांना सोबत एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. नुसतं ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, चालत नाही.

चुलतभावासाठी: हो, त्याला प्लॅनिंगला जाता येतं. एम.प्लॅन.ला बी.आर्च., बी.प्लॅन. आणि सिव्हिलचे पदवीधर सर्रास घेतात. काही संस्था भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांत एम.ए. झालेल्यांनाही घेतात. सिव्हिलच्या मुलांना बऱ्याच ठिकाणी गेटचा सिव्हिलचा पेपर चालतो. कोणत्या संस्थेत कोणता चालतो हे मात्र त्यानं संस्थेगणिक तपासावं. एम.आर्च. त्याला नाही, त्याला बी.आर्च.च लागतं. आणि एम.प्लॅन. केल्यावर तो प्लॅनर होईल, आर्किटेक्ट नव्हे. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार ती उपाधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. घरच्यांना हा फरक आधीच सांगितलेला बरा.

आता पोर्टफोलिओ. इथं थोडं थांबते, कारण तू लिहिलेलं "दाखवण्यासारखं काही नाही" हे वाक्य मला पटलेलं नाही.

माझ्या पहिल्या मुलाखतीला मी आजोळच्या वाड्याचा मोजून काढलेला नकाशा नेला होता. शाईत, स्वच्छ, खांबांची जाडी इंचापर्यंत बरोबर. समोर बसलेल्या बाईंनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "इथं रात्री कोण कुठं झोपतं?" मला सांगता आलं नाही. ज्या वाड्यात मी दर उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या, तिथं आजी कोणत्या खोलीत झोपायची, पाहुणे आले की बाज कुठं सरकायची, बाळंतीण कुठं ठेवायचे, यातलं काही मी काढलेलं नव्हतं. भिंती होत्या, माणसं नव्हती. निवड झाली नाही. पुढं अनेक वर्षांनी मी स्वतः मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसले, तेव्हा कळलं की तो प्रश्न किती नेमका होता. आमच्यासमोर दिवसाला तीस-चाळीस पोर्टफोलिओ येतात. थंड हवेच्या ठिकाणचं रिसॉर्ट, काचेचं संग्रहालय, वळणदार विमानतळ. सगळ्यांचं आकाश एकाच रंगाचं, झाडंही एकाच संग्रहातून उचललेली. त्यात एखाद्यानं स्वतः पाहिलेलं, मोजलेलं एक जरी पान ठेवलं असेल तर पुढचा अर्धा तास त्याच पानावर जातो.

तुझ्या घरी कापूस आहे. मग कापसापासूनच सुरुवात कर. भाव वाढण्याची वाट पाहत वेचलेला कापूस महिना-महिना घरात पडून असतो. कोणत्या खोलीत? छतापर्यंत भरला की माणसं कुठं जातात? चूल आणि कापूस यांच्यात अंतर किती राहतं? पऱ्हाटीचा ढीग जळणासाठी कुठं रचतात? आता गावात प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुलं झाली असतील. साध्या भागात त्याला १ लाख २० हजार रुपये मदत आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. या २५ चौरस मीटरमध्ये सहा एकराचा कापूस कुठं ठेवायचा, याचं उत्तर लोकांनी आपापल्या परीनं काढलेलं आहे: कुणी पुढं टिनाची सपरी ओढली, कुणी जुनं मातीचं घर पाडलंच नाही, कुणी अंगणात ताडपत्री टाकली.

पाच घरं निवड. दोन जुनी मातीची, कवेलूंची. तीन घरकुलं. प्रत्येकाचा नकाशा मोज, दोन छेद काढ, उत्तर दिशा आणि प्रमाण लिही. मग त्याच नकाशाच्या तीन प्रती काढून एकीवर पेरणीच्या दिवसातलं घर, दुसरीवर वेचणीतलं, तिसरीवर मे महिन्यातलं घर दाखव. माणसं, गुरं, बाज, कापूस, पाण्याची भांडी सगळं काढ. साधा थर्मामीटर घेऊन मे महिन्यात दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता प्रत्येक घरातलं तापमान लिहून घे: कवेलूंखाली, टिनाखाली, स्लॅबखाली. आठ दिवस सलग. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता घरात सोडतो, हे पुस्तकात आहे. पण तुझ्या गावातल्या पाच घरांचे आकडे पुस्तकात नाहीत, ते फक्त तुझ्याजवळ असतील. एवढं झालं की एक प्रस्ताव मांड. मोठा नको. घरकुलालाच जोडता येईल अशी कापसाची हवेशीर, आगीपासून दूर राहणारी खोली, गावातला गवंडी आणि सुतार बांधू शकेल अशी. हीच तुझी थीसिस होऊ शकते. मग ७२ टक्क्यांची मेहनत आणि पोर्टफोलिओची मेहनत वेगवेगळी करावी लागणार नाही.

एखाद्या दिवशी सेवाग्रामला जाऊन ये. १९३६ साली तिथं वस्ती सुरू झाली, तेव्हाची आदी निवास आणि नंतरची बापू कुटी, दोन्ही माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंनी उभ्या आहेत. छपराची वळचण किती खाली उतरवली आहे, भिंतीची जाडी किती, ओसरीतून आत येताना उजेड कसा मंदावत जातो, हे बसून काढ. परवानगी विचार, लोक अडवत नाहीत. वर्ध्यातच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं मातीच्या बांधकामावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, तेही पाहा.

तुझं मन प्लॅनिंगकडं झुकलं तर विषय आणखी मोठे आहेत. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणामुळं उठलेली गावं नव्या आखीव गावठाणात बसवली गेली. जुन्या गावात विहिरीकडं, देवळाकडं, खळ्याकडं जाणाऱ्या वाटा होत्या. नव्या लेआउटमध्ये सरळ रस्ते आणि सारखे प्लॉट. एका मुलानं आपल्याच गावाचे असे दोन नकाशे, जुना आजोबांच्या तोंडून ऐकून काढलेला आणि नवा मोजलेला, शेजारी शेजारी ठेवून आणले होते. मी त्या मुलाखतीत होते. त्याच्या इंग्रजीत चुका होत्या. त्याला कुणीही त्याबद्दल विचारलं नाही. पूर्वेकडचे मालगुजारी तलाव, पश्चिमेकडचा खारपाणपट्टा आणि तिथलं खारं पाणी, समृद्धी महामार्गामुळं तुटलेल्या शेतवाटा, हे सगळं प्लॅनिंगच आहे. एम.डेस.च्या पोर्टफोलिओसाठी तिफण घे, नाहीतर वेचणीच्या वेळी बायका कमरेला बांधतात ती कापसाची ओटी. दिवसभरात किती किलो भरतं, गाठ कुठं रुतते, ती सोडायला किती वेळ लागतो, हे तुझ्या आईलाच विचार आणि लिहून घे.

पानं पंधरा ते वीस पुरेत. हातानं काढलेलं स्कॅन करून तसंच ठेव, त्यावर रंग चढवून चकचकीत करू नकोस. गटात केलेल्या कामात तुझा वाटा कोणता ते स्पष्ट लिही. ट्रेनिंगच्या ऑफिसातलं ड्रॉइंग त्यांच्या परवानगीनं वापर आणि ऑफिसचं नाव टाक. नेटवरून उचललेलं एक चित्रही नको. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

उद्देशपत्र, म्हणजे एसओपी, आधी मराठीत लिही. आपल्या बोलीत लिही हवं तर. "मला लहानपणापासून आर्किटेक्चरची आवड आहे" या वाक्यानं सुरू करू नकोस, ते सगळ्यांचं असतं. घर मोजताना तुला काय कळलं नाही, ते लिही. त्यातून कोणता प्रश्न उभा राहिला आणि तो सोडवायला तुला याच संस्थेत का जायचं आहे, ते लिही. मग इंग्रजी कर, लहान वाक्यांत. इंग्रजीच्या शिक्षकाला व्याकरण तपासायला दे, पण वाक्यं त्यांना बदलू देऊ नकोस, नाहीतर मुलाखतीत तुझं बोलणं आणि तुझं पत्र दोन वेगळ्या माणसांचं वाटेल. मुलाखतीत अडलीस तर हिंदीत बोलू का, असं सरळ विचार. मी बसले त्या पॅनेलांवर कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. गेट आणि सीडचे पेपर मात्र इंग्रजीतच असतात, तेव्हा वाचून समजण्याइतकी इंग्रजी पक्की करावीच लागेल.

शिफारसपत्र स्टुडिओत तुझं काम पाहिलेल्या शिक्षकांचं घे. आमदारसाहेबांचं, संस्थाचालकांचं पत्र पाहिलं की निवड करणारे पान उलटतात. शिक्षकांना महिनाभर आधी सांग आणि तुझ्या कामांची एक पानी यादी हातात दे, म्हणजे त्यांना "मेहनती व प्रामाणिक विद्यार्थिनी" यापलीकडं काही लिहिता येईल.

कागदपत्रांबद्दल कडक शब्दांत सांगते. माझ्या ओळखीच्या एका मुलाची चांगल्या संस्थेतली जागा नॉन-क्रिमीलेअरमुळं गेली. त्याच्याजवळ प्रमाणपत्र होतं, त्याची मुदतही संपलेली नव्हती. पण ते राज्याच्या नमुन्यातलं होतं. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. शिवाय तुझी जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघ. राज्याची आणि केंद्राची यादी एक नाही. भटक्या-विमुक्तांचे वेगळे प्रवर्ग राज्यात आहेत, केंद्राच्या प्रवेशात ते नाहीत. त्यातल्या बऱ्याच जाती तिथं ओबीसीत मोडतात. राज्याच्या प्रवेशासाठी जात पडताळणी लागेल, तिला महिने जातात. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नावातलं स्पेलिंग दहावीच्या सनदेपासून पदवीपर्यंत एकच असणं, हे दिवाळीच्या आत उरकून घे. फक्त केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढ. सेतू केंद्रावर तेव्हा गर्दी कमी असते, जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

पैशाचं: गेटच्या पात्रतेवर पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांना महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते, पण प्रत्येक संस्थेत आणि प्रत्येक जागेला मिळतेच असं नाही. प्रवेशाआधी संस्थेला लेखी विचार. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठीच्या महाज्योती या राज्याच्या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. त्यांच्या चालू योजना पाहत राहा, महाडीबीटीवरच्याही. अर्जांच्या फीचे पैसे मात्र आत्तापासून बाजूला ठेव. चार-पाच ठिकाणचे अर्ज, परीक्षा, नागपूरला जाणं-येणं मिळून रक्कम मोठी होते, आणि ती नेमकी हंगामाच्या आधी लागते, जेव्हा घरात बियाण्यालाच पैसा कमी असतो.

परदेशाचं तू विचारलं नाहीस, तरी दोन ओळी. अमेरिकेत आर्किटेक्चर न शिकलेल्यांसाठीचा एम.आर्च. साधारण तीन वर्षांहून जास्त काळाचा आणि तुझ्यासारख्या पाच वर्षांच्या बी.आर्च.वाल्यांसाठीचा त्याहून कमी काळाचा, असे वेगळे अभ्यासक्रम आहेत. अर्ज करताना योग्य तो निवड. टोफेल किंवा आयईएलटीएसचा स्कोअर दोन वर्षं चालतो. राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेशी शिष्यवृत्तीही आहे. पण पहिला पदवीधर असलेल्या घरातून आधी इथली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं काम आणि मग परदेश, हा क्रम मला जास्त बरा वाटतो.

या महिन्यात तीन कामं कर: विद्यापीठाच्या नियमांतून थीसिसचं वजन काढ, गेटचा फॉर्म कधी निघतो ते पाहून भर, आणि पहिलं घर मोज. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला भावाला घे, त्याचीही सुरुवात होईल. नकाशा पेन्सिलीतला असला तरी फोटो काढून मला पाठव. त्यात रात्री कोण कुठं झोपतं तेवढं लिहिलेलं असू दे.